लेखनिक: बारावी पास

भाऊंनी बी.ए. किती वेळा पास केलं, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. माझं एक केलं. माझ्या आधी एकाचं केलं होतं, आणि माझ्यानंतर हाताची बोटं पुरणार नाहीत इतक्यांचं केलं. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, एकाचं तर संगीत. स्वतःच्या नावावर मात्र बारावी, तीही तिसऱ्या वर्गात. त्या मार्कलिस्टची झेरॉक्स दर परीक्षेला आमच्या फॉर्मला जोडावी लागे, त्यामुळे भाऊंचा तो तिसरा वर्ग अमरावतीतल्या कॉलेजांच्या अर्ध्या कारकुनांना पाठ झाला होता.

मी आंधळा आहे. सहा वर्षांचा असताना तापाने दृष्टी गेली. आम्ही आंधळे परीक्षेत उत्तरं तोंडाने सांगतो आणि शेजारी बसलेला डोळस माणूस ती लिहून घेतो. त्याला लेखनिक म्हणतात. नियम असा, की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेचा हवा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या पोराला बारावी पास माणूस चालतो, पहिल्या वर्षाला बसलेला चालत नाही. त्याने आपल्या पदरचं काही घुसडू नये, म्हणून ही काळजी. नियम चुकीचा नाही, पण ज्याने तो केला त्याने भाऊंना पाहिलं नव्हतं. तसं पाहिलेलं मीही नाही.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. आमचं गाद्या भरायचं दुकान. घरात उर्दू आणि हिंदीची मिसळ, पण अंधशाळा अमरावतीची, त्यामुळे शिक्षण सगळं मराठीत झालं. बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं तेव्हा आमच्या होस्टेलच्या सरांनी मला एका बाईंडिंगच्या दुकानात नेऊन उभं केलं. कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास आला. कोणीतरी कागदाच्या घडीवर हाडाची पट्टी ओढत होतं.

"काय वाचतं?" त्या माणसाने विचारलं.

"मी काय वाचणार? मी आंधळा आहे," मी म्हणालो. तेव्हा मी असं मुद्दाम तिखट बोलायचो. समोरचा ओशाळला की मला बरं वाटायचं.

"ते दिसून राह्यलं मले. वाचतं काय, ते इचारलं. इतिहास का मराठी?"

हा माणूस ओशाळणारा नव्हता. मी म्हणालो, दोन्ही. ते म्हणाले, "मंग उद्यापासून पाच वाजता ये. अन् येतानी नखं कापून ये. माह्या दुकानात कोऱ्या कागदाले कोनी मळक्या हातानं शिवत नाई."

त्यानंतर तीन वर्षं मी रोज पाच वाजता त्या दुकानात जाऊन बसलो. भाऊंच्या हातांचं काम चालू असे आणि तोंडाने वाचन. पुस्तक पुढ्यातल्या फळीवर उघडं ठेवून ते वाचायचे, आणि वाचायचे म्हणजे सगळं वाचायचे. स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणायचे. पुस्तकाची किंमत, मुद्रकाचा पत्ता, आवृत्ती कितवी, काही सोडायचे नाहीत. मी एकदा वैतागून म्हणालो, "भाऊ, मुद्रकाचा पत्ता परीक्षेत येत नाही." ते म्हणाले, "डोळेवाल्याले तो दिसते का नाई? मंग तुले काहून नाई दिसला पायजे?"

पुस्तकाबद्दलचं त्यांचं मत शिलाईवरून ठरे. पाठीवरचा दोरा ढिला असला की म्हणायचे, "याची बांधनीच कच्ची हाय. आतला लिवनारा बी घाईतच असन." बहुतेक वेळा ते खरं निघायचं, हे मला पुढे कळलं. एखादं पान फाटलेलं असलं तर थांबून गंभीरपणे जाहीर करायचे, "इथं अर्धं पान नाई. लेखक काय म्हनते, ते आता त्यालेच माहीत." अंदाजाने वाक्य जुळवून वाचणं त्यांना मंजूर नव्हतं. जे नाही ते नाही.

परीक्षेच्या दिवशी भाऊ वेगळेच माणूस होत. पांढरा इस्त्रीचा शर्ट, त्याच्या स्टार्चचा वास मला यायचा. हात दोनदा साबणाने धुतलेले. सकाळपासून पोटात फक्त चहा. गेटापर्यंत मला "बाबू, तू" म्हणणारे भाऊ वर्गात शिरले की "साहेब, तुमी" म्हणायला लागायचे. पहिल्या पेपरला मला हसू आलं. त्यांनी बाकाखालून माझं मनगट दाबलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आत मी तुमचा हात हाय. हात मालकाले अरे-तुरे करते काय?"

पर्यवेक्षकांशी त्यांचं कधी जमलं नाही. नवे सर यायचे आणि माझ्या डोक्यावरून भाऊंना विचारायचे, "याचं नाव काय? विषय कोणता याचा?" भाऊ ताडकन म्हणायचे, "मले कायले इचारता सर? पेपर त्याइचा हाय. आंधळे हायेत ते, बहिरे नाई." मग सर माझ्याकडे वळून, मला ऐकू कमी येतं की काय अशा मोठ्या आवाजात तेच विचारायचे. अशा वेळी भाऊ पेनाचं टोपण बाकावर आपटत. तो राग होता. माझ्यासाठी एवढा राग आमच्या घरातही कोणाला आला नव्हता. घरी सगळ्यांना फक्त दया यायची.

पण त्यांच्या इमानाचा फटका मलाही बसला. पहिल्याच वर्षी राज्यशास्त्राच्या पेपरात राज्यसभेवर टीप होती. मी घाईघाईत सांगून गेलो, की राज्यसभा दर पाच वर्षांनी विसर्जित होते. पेन थांबलं. "परत सांगा साहेब," भाऊ म्हणाले. ऐकू आलं नाही तर लेखनिकाने एकदा परत विचारलेलं चालतं. मी परत तेच सांगितलं. पेन चालू झालं. पेपर संपून गेटाबाहेर आलो मात्र, माझ्या पाठीत धपाटा बसला.

"राज्यसभा विसर्जित होते काय बे? कोन्या गावची राज्यसभा?"

मी उसळलो. "माहीत होतं तर लिवलं काहून नाई बरोबर? कोणाला समजलं असतं?"

"मले समजलं असतं," भाऊ म्हणाले. मग जरा शांत होऊन म्हणाले, "तुयं खोटं तुया नावावर गेलं, ठीक हाय. पुढच्या खेपी तू ध्यानात ठेवशीन. माह्या डोक्यातलं खरं तुया नावावर गेलं असतं, तं तुया हाती काय राह्यलं असतं? एक कागद."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण पुढचा पेपर तोंडावर आला होता.

हा माणूस किती टोकाला जातो, ते नंतर एका पुढाऱ्याच्या भाच्याच्या वेळी अख्ख्या गावाने पाहिलं. या भाच्याला काळा चष्मा होता आणि अंधत्वाचं सर्टिफिकेटही होतं, पण त्या चष्म्याआडून त्याला पंचवीस पावलांवरची मुलगी दिसते असं सगळे म्हणायचे. कॉलेजातून निरोप आला, भाऊंनी लेखनिक म्हणून बसावं आणि सांभाळून घ्यावं. भाऊ बसले. प्रश्नपत्रिका वाचून दाखवली आणि पेन उघडून वाट पाहू लागले. भाचा बाकावर बोटं वाजवत बसला. शेवटी म्हणाला, "काय लिवाचं ते तुमीच लिवा ना काका." भाऊंनी उत्तरपत्रिकेवर प्रश्न क्रमांक एक घातला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: काय लिवाचं ते तुमीच लिवा ना काका. भाच्याने विचारलं, "काय लिवलं?" भाऊंनी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अहो, हे काय केलं?" तेही लिहिलं. अशी दोन-अडीच पानं भरल्यावर पोरगं उठून बाहेर गेलं.

आम्ही होस्टेलवर पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी मामा दोन माणसं घेऊन दुकानात आला. चुलीवरचं खळीचं पातेलं त्यांनी भाऊंच्या अंगावर उलटं केलं. मी संध्याकाळी गेलो तेव्हा खळीच्या वासात मलमाचा वास मिसळला होता. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. भाऊ मला म्हणाले, "डावा हाय. उजवा वाचला." आणि एका हाताने पुस्तकाचं पान उलटून वाचायला लागले, "पान एकशे बारा, शीर्षक, स्वल्पविराम नाई." मला त्या दिवशी एक अक्षर ऐकू आलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे, आणि ते सांगताना मी स्वतःला सूट देणार नाही.

मी पहिल्या वर्षाला असताना, फॉर्म भरायच्या दिवसांत, भाऊ एकदा सहज म्हणाले, "या वर्षी मी बी बसतो. बाहेरून." त्यांनी बी.ए.चा स्वतःचा फॉर्म आणला होता, भरलाही होता. वय एकतीस-बत्तीस. आवाजात लाज होती आणि लाजेखाली आनंद होता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अरे वा भाऊ. माझ्या डोक्यात एकच गणित झालं. ते पहिल्या वर्षाला बसले की माझ्या बरोबरीचे होणार, आणि मग त्यांना माझा लेखनिक होता येणार नाही.

मी म्हणालो, "मग माझं काय?"

ते म्हणाले, दुसरं कोणीतरी पाहू. मी म्हणालो, "दुसरा मिळाला आणि मी नापास झालो, तर अब्बा मला दुकानात बसवतील. कापूस गादीत भरायला डोळे लागत नाहीत, भाऊ. तुम्ही पुढच्या वर्षीही बसू शकता. मला पुढचं वर्ष नाही." हे पूर्ण खरं नव्हतं. अब्बा तसे कठोर नव्हते. पण मी ते अशा आवाजात म्हणालो, की ऐकणाऱ्याला पुढे काही बोलता येऊ नये. आम्हा आंधळ्यांना तो आवाज लहानपणीच साधतो.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "तीन वर्षं काय, अशी जातीन. पयले तुयं पुरं होऊ दे, मंग माहं." तो भरलेला फॉर्म त्यांनी कोरी बाजू वर करून एका रजिस्टरच्या पुठ्ठ्याला अस्तर म्हणून चिकटवला. बाईंडर माणूस, कागद वाया घालवत नसे.

मी बी.ए. झालो, दुसऱ्या वर्गात. पेढे घेऊन भाऊंबरोबर त्यांच्या घरी, अमरावतीजवळच्या भातकुलीला गेलो. घरी एकटी माय. बाप जिनिंगात कापसाच्या गठाणी वाहायचा, तो केव्हाच गेला होता. त्यांच्या बौद्ध वस्तीत घरोघरी कोणी नर्स, कोणी तलाठी, कोणी पुण्यात इंजिनिअर. प्रत्येक घरात पोराचा नाही तर पोरीचा काळ्या गाऊनमधला फोटो. मायला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण कोणाच्या घरात कोणाचा फोटो कधी लागला, हे तिला तोंडपाठ होतं. तिने मला शेजारी बसवून सगळं सांगितलं. म्हणाली, "आमच्या घरी देव नाई बाबू. आमच्यात देवाच्या जागी शिकनं हाय. याचा बाप मरतानी म्हने, पोरगा बी.ए. झाला का मले येऊन सांगजो." मग तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. खरखरीत, कामाचा हात. म्हणाली, "तुयं चांगलं झालं. जीव थंड झाला. आता माह्यावाल्याले सोड."

भाऊ तिला ओरडले, "माय, काय बोलून राह्यली?" मी पेढ्याचा घास तसाच तोंडात धरून म्हणालो, "सोडतो माय. शप्पथ."

त्याला चार महिने झाले नसतील. अंधशाळेतली एक मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली. हुशार, घरची अगदीच बेताची, लेखनिक मिळेना. मला विचारायला आली. तिला नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. भाऊंकडे पाठवून दिली. शप्पथ मी खाल्ली होती, ती मीच गिळली. पुढे ती मुलगी तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा तिच्यामागून आलेला एक मुलगा पहिल्या वर्षाला होता, आणि तो तिसऱ्याला गेला तेव्हा आणखी कोणी. पहिल्या वर्षाला दरवर्षी कोणी ना कोणी असायचंच. भाऊ दर जूनमध्ये मायला सांगायचे, "पुढच्या वर्षी."

मी अकोल्यात बँकेत लागलो. कॉम्प्युटर मला वाचून दाखवतो, स्वल्पविराम मात्र गाळतो. निकाल लागले की भाऊंचा फोन यायचा. "यंदा आपन मराठीत पहिल्या वर्गात आलो," असं म्हणायचे. आपण. मी म्हणायचो, "भाऊ, ती पोरगी आली." ते म्हणायचे, "तेच म्हनलं न मी."

मग दिवस बदलले. कॉलेजं स्वतःच लेखनिकांची यादी ठेवायला लागली, अकरावीची पोरं मिळायला लागली, काही जण तर सरळ कॉम्प्युटरवर टाइप करून पेपर द्यायला लागले. एका वर्षी भाऊंकडे कोणीच आलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. मी ते ऐकलं आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. वीस वर्षांचं एक ओझं उतरवायची ही संधी होती. भाऊ पन्नाशी ओलांडून गेले होते, माय ऐंशीच्या पुढे होती, पण होती. मी रजा टाकून अमरावतीला गेलो आणि त्यांच्यासमोर बसून त्यांचा फॉर्म भरून घेतला.

"आता कायले?" ते म्हणत होते.

"मायसाठी," मी म्हणालो. माझ्यासाठी, असं म्हणायला हवं होतं.

अभ्यास त्यांनी केलाच नाही. म्हणायचे, "काय वाचू? सारं तं पाठ हाय." आणि ते खरं होतं. मी रोज बँकेतून फोन करून प्रश्न विचारायचो, ते धडाधड उत्तर द्यायचे. एकदा मी इतिहासातला एक प्रश्न घातला तर म्हणाले, "हे तू सांगतलं होतं तसं सांगू, का त्या पोरीनं सांगतलं तसं? तिचं जास्त चांगलं होतं." मी हसलो. तेव्हा हसण्यापेक्षा जरा थांबून विचार केला असता, तर बरं झालं असतं.

पहिल्या पेपरला मी अकोल्याहून सकाळच्या गाडीने गेलो. भाऊंचा पांढरा शर्ट, स्टार्चचा वास, ओले हात. मी त्यांना गेटापर्यंत पोचवलं. म्हणजे त्यांनीच मला धरून गेटापर्यंत नेलं आणि तिथल्या कट्ट्यावर बसवून ते आत गेले. तीन तास मी तिथे बसलो. माझ्या पेपरांच्या वेळी माय भातकुलीत अशीच भाऊंची वाट पाहत बसत असेल का, असं मनात येत होतं. घंटा झाली. पोरं बाहेर पडली, गलका झाला, ओसरला. भाऊ सगळ्यांत शेवटी आले आणि माझ्या शेजारी टेकले.

"कसा होता?" मी विचारलं.

"सोपा होता."

"किती प्रश्न लिवले?"

"एकबी नाई."

मला थट्टा वाटली. पण भाऊ थट्टा करतात तेव्हा आवाज कोरडा ठेवतात. हा आवाज कोरडा नव्हता.

"नाव लिवलं," ते म्हणाले. "नंबर लिवला. सही केली. मंग पयला प्रश्न वाचला, पेन उघडला अन् बसलो. लय वेळ बसलो. म्याडम आल्या, म्हने काका, बरं वाटत नाई का? म्हनलं, बरं हाय. मंग माह्या ध्यानात आलं, का मी वाट पाहून राह्यलो."

"कशाची?"

"कोनी सांगन म्हनून."

मी म्हणालो, "अहो, पण ध्यानात आल्यावर तरी लिवायचं. येत होतं न तुमाले?"

"येत होतं. पयला प्रश्न तुयाच होता. तुया वर्षाले आला होता, तोच. तू काय सांगतलं होतं ते शब्दान् शब्द आठवलं, तू कुठी खाकरला होता ते बी आठवलं. दुसरा त्या पोरीचा. तिसरा त्या संगीतवाल्याचा, त्याचाबी इतिहास होता. साऱ्याइची उत्तरं आठवली. माहं एकबी नाई आठवलं."

"ते आमाले वाचून कोणी दाखवलं होतं, भाऊ? तुमीच न!"

"वाचून दाखवलं. सांगतलं तुमी. पेपरात सांगतलेलं चालते, वाचलेलं नाई. तुमची उत्तरं मी माह्या नावाच्या पेपरात लिवली असती, तं त्याले काय म्हनते? कॉपी म्हनते."

मी ओरडलो. कॉलेजच्या गेटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ओरडलो. तुमचं डोकं फिरलं आहे म्हणालो, ज्ञान काय कोणाच्या बापाचं असतं का म्हणालो, आणखीही काय काय म्हणालो. ते म्हणाले, "असन." एवढंच. मग मला कळलं, की मी ज्याच्यावर ओरडतो आहे तो माणूस मीच घडवला आहे. डोक्यातलं हातात उतरू द्यायचं नाही, हे त्यांनी वीस-बावीस वर्षं पाळलं होतं, आमच्यासाठी पाळलं होतं. आज एका दिवसापुरतं ते मोडा, असं मी त्यांना म्हणत होतो. मला रडू आलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला. स्वतः ते रडले नाहीत.

"चाल," ते म्हणाले. "माय वाट पाहून राह्यली असन. तू संग चाल."

आम्ही ऑटोने भातकुलीला गेलो. माय दारातच बसलेली होती. आवाज आता अगदी बारीक झाला होता तिचा.

"लिवला का रे पेपर?"

भाऊ बोलले नाहीत. मी वाट पाहिली. ते माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आणि ती शांतता मी ओळखली. माझ्या दोन वाक्यांच्या मधे ते असेच थांबायचे, पेन टेकवून, पुढचं काय येतं म्हणून. तीन वर्षं मी त्या शांततेशेजारी बसलो होतो. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. ते मी सांगायची वाट पाहत होते.

"लिवला, माय," मी म्हणालो. "चांगला लिवला."

"लिवला, माय," भाऊ म्हणाले. "चांगला लिवला."

"किती राह्यले?"

"पाच," मी म्हणालो.

"पाच," भाऊ म्हणाले.

पुढचे पाचही पेपर भाऊ पांढरा शर्ट घालून घरून निघाले. माय त्यांना वेळेवर उठवायची. अमरावतीला जाऊन ते दुकानात बसायचे आणि पेपर सुटायच्या वेळी परत निघायचे. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला फोन लावला आणि काही न बोलता तो मायच्या कानाशी धरला. तो पास झाल्याचं मीच तिला सांगितलं. कोणत्या वर्गात, तिने विचारलं. दुसऱ्या, मी म्हणालो. तिला ते जरा कमी वाटलं, पण पहिलंच वर्ष आहे, म्हणाली.

त्याच हिवाळ्यात माय गेली. गेली तेव्हा तिच्या लेखी तिचा पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता.